टीव्ही गेम आणि मिस्त्र्यांची ओळ

शुद्धलेखन चुकलं असेल तर आधीच माफी मागतो. ऱ्हस्व-दीर्घाची खात्री नाही आणि जड शब्द तर येतच नाहीत. मला हात नाहीत. मी सांगतो आणि सत्यम लिहितो, आणि सत्यमची शाळा नववीत सुटली. त्यामुळे जे आहे ते साधं आहे. समजून घ्या.

मी एक टीव्ही गेम बोलतोय. आता कुणी मला ओळखेल की नाही, शंका आहे. विटेपेक्षा थोडा मोठा प्लास्टिकचा डबा, वर कॅसेट खोचायला खाच, पुढं लाल बटण, आणि दोन बाजूंनी निघालेले दोन रिमोट. एकेकाळी पांढरा होतो. आता रंग जुन्या दातांसारखा झालाय. अॅडाप्टर तर इतका तापतो की हिवाळ्यात सत्यमची मांजर त्याला टेकून झोपते.

माझ्या जन्माची गोष्ट सांगताना मान खाली जाते. मी अस्सल नाही. दूर देशात कुणीतरी एक चांगला खेळ बनवला, दुसऱ्यानं त्याची नक्कल केली, आणि त्या नकलेची नक्कल म्हणजे मी. माझ्या खोक्यावर एक गोरा मुलगा हसत होता, पण त्याच्या हातातला रिमोट माझा नव्हताच. माझ्याबरोबर आलेल्या पिवळ्या कॅसेटवर नऊचा आकडा इतक्या वेळा छापला होता की वाचता वाचता माणसाची जीभ अडखळावी. आत खरे खेळ बोटांवर मोजण्याइतके. तेच रणगाडे, तीच बदकं, तोच उड्या मारणारा माणूस. यादीचं पान उलटलं की तेच खेळ नावं आणि रंग बदलून पुन्हा हजर. पोरं शोधत राहायची की पुढं काहीतरी नवीन निघेल. मला ठाऊक असायचं की निघणार नाही. कुणी शोधायला लागलं की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मला शहागंजाच्या बाजारातून विकत घेतलं अनंतरावांनी. सरकारी कचेरीतला सरळ माणूस. मुलगा अमेय वर्गात पहिला आला होता, त्याला कबूल केलेलं बक्षीस म्हणून ते दुकानात आले आणि मला उलटंसुलटं करून बघत राहिले.

"मुलांचे डोळे वगैरे बिघडत नाहीत ना यानं?"

"आँखें? क्या बात करते साहब!" दुकानदार म्हणाला. "नजर तेज होती इससे. बच्चा खुश हो जाएंगा, ले जाओ."

अनंतरावांना ते पटलं नाही, पण त्यांनी मला घेतलं. मी त्यांच्या स्कूटरच्या पुढच्या जागेत, भाजीच्या पिशवीवर बसून गारखेड्याला आलो.

त्यांचं तेव्हाचं घर बैठं होतं. पुढं अंगण, अंगणात कण्हेर, आणि पुढच्या खोलीत जाडजूड टीव्ही. अमेयनं वायरी जोडल्या, लाल बटण दाबलं, आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. रडकुंडीला आला. तेवढ्यात दारातून आवाज आला, "येऊ का रे?"

तो सत्यम. अमेयच्याच वर्गातला. गाव बिडकीनच्या अलीकडं, वडील काकासाहेब शेती करायचे. पोरानं शहरातल्या चांगल्या शाळेत शिकावं म्हणून त्याला मागच्या गल्लीत आत्याकडं, आवडाबाईकडं ठेवलं होतं. दोघांनी मिळून टीव्हीचा एकेक चॅनेल पुढं सरकवला. मुंग्या, मुंग्या, बातम्या, मुंग्या. आणि मग एकदम निळं आभाळ आणि माझं ते टिंगटिंग संगीत. दोघं असे ओरडले की अमेयची आई, शैलाकाकू, लाटणं हातात घेऊन बाहेर आल्या.

त्या दिवसापासून दुसरा रिमोट सत्यमचा. तो कुणी दिला नाही, त्यानं स्वतःच उचलला. माझ्या दुसऱ्या रिमोटवर खेळ सुरू करायचं बटण नसतं. खेळ पहिल्या रिमोटवाल्यानं सुरू करायचा, त्यानंच थांबवायचा. सत्यमला त्याचं काही वाटायचं नाही. उलट त्याला बरंच वाटायचं. रणगाड्यांच्या खेळात खाली विटांचं एक घरटं असतं, ते शत्रूपासून वाचवायचं असतं. अमेय सुसाट पुढं जायचा, आणि सत्यम आपला मागं, घरट्याभोवती.

"अरे तू पण ये ना पुढं!" अमेय ओरडायचा.

"तू जा रे. मी घर सांभाळतो."

शैलाकाकू दोघांना वाट्या भरून चिवडा द्यायच्या. सत्यम स्वतःची वाटी मोरीत नेऊन विसळून ठेवायचा. "ठेव रे, मी बघते," काकू म्हणायच्या, पण तो ऐकायचा नाही. सतरंजीवर बसायचा तो कडेला. चपला दाराशी नाही, पार फाटकाच्या कोपऱ्यात काढून ठेवायचा. त्या घरात त्याला कुणी कधी कमी लेखलं नाही, मी साक्षीला होतो. त्याला कुणी काही म्हणण्याआधी तोच स्वतःला म्हणून मोकळा व्हायचा. अमेयनं "आज तुझ्याकडे खेळू" म्हटलं की ह्याच्याकडं उत्तर तयार: "आज नको, आत्याकडं पाव्हणे आलेत." आवडाबाईच्या पत्र्याच्या खोलीत वर्षभर पाव्हणे असायचे.

नववीत सत्यम नापास झाला. अमेय दहावीत गेला. काकासाहेब गावाहून आले, रागावले नाहीत. म्हणाले, "बस की पुन्हा त्याच वर्गात. एक साल गेलं तर काय आभाळ पडतंय?" सत्यम शाळेच्या फाटकापर्यंत गेला. आत खालच्या वर्गातली पोरं बाकं पकडायला धावत होती, त्यातलं एक त्याला बघून हसलं. नुसतं ओळखीचं हसलं असेल. सत्यम तिथूनच वळला आणि बिडकीनची गाडी पकडून घरी गेला.

आवडाबाईनं सगळा दोष माझ्यावर टाकला. "त्या डबड्यानं डोकं खाल्लं पोराचं," असं ती अमेयच्या अंगणात उभी राहून म्हणाली, आणि शैलाकाकू माझ्याकडं बघत राहिल्या. अमेय तेवढाच वेळ खेळायचा आणि पास व्हायचा. पण सत्यमचा अभ्यासाचा वेळ मी खाल्ला नाही, असं मी छातीठोक सांगू शकत नाही.

पुढं अमेय शिकायला पुण्याला निघाला. जाण्याआधी त्यानं मला जुन्या चादरीत गुंडाळलं आणि सत्यमला बोलावून घेतलं. "घेऊन जा. इथं धूळ खात पडेल. मी सुट्टीत आलो की खेळू."

मी गावी आलो. सत्यमची आई, वच्छलाबाई, हिनं मला देवाच्या फळीखालच्या फळीवर जागा दिली. पहिली काही वर्षं अमेय सुट्टीत यायचा, फोन करायचा, मग सत्यम मला पिशवीत घालून गारखेड्याला न्यायचा. नंतर सुट्ट्या कमी झाल्या. अमेयला पुण्यात नोकरी लागली, तिथंच लग्न ठरलं. लग्नाला सत्यमनं शर्टला इस्त्री केली, बॅग भरली, आणि गेला नाही. "गाडीचं काम निघालं," असं फोनवर सांगितलं. गाडी दारात धडधाकट उभी होती. तो तेव्हा नुकताच पाण्याच्या जारचा धंदा करू लागला होता. शहरात नळाला पाणी येईल तेव्हा येतं, त्यामुळं छोट्या टेम्पोत जार भरून गल्लोगल्ली पोचवायचे. मेहनतीचं काम, चार पैसे सुटतात. पण अमेयनं फोनवर "काय चाललंय?" विचारलं की सत्यम म्हणायचा, "काय नाय, बरंय. तुझं?"

दर दिवाळीला मात्र तो मला खाली काढायचा, फडक्यानं पुसायचा, वायरींना नवीन रबर लावायचा. एकटाच बसून एखादा डाव खेळायचाही. दुसरा रिमोट हातात घेऊन. त्यासाठी त्याला आधी पहिला रिमोट उचलून खेळ सुरू करावा लागायचा, मग तो खाली ठेवायचा.

मग यंदा फोन आला.

"सत्या, घर झालं रे! जुनं पाडून दोन मजली बांधलं. रविवारी वास्तुशांत आहे. आणि ऐक, आपला गेम आहे का अजून?"

"हाय की."

"चालतो?"

"चालतो."

"मग घेऊनच ये. पोरांना दाखवू. आणि नुसतं तोंड दाखवून पळायचं नाही. जेवायला माझ्या शेजारी बसायचंस तू. लग्नाला टांग दिलीस, आता ऐकून घेणार नाही मी."

"येतो की रे. येणार म्हंजे येणार."

फोन ठेवल्यावर सत्यम बराच वेळ तिथंच उभा होता. हसत होता. एकदाच, फक्त एकदा, त्या घरात मित्र म्हणून ताठ बसायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. त्यानं शहागंजात जाऊन नव्या टीव्हीला जोडायची पिन आणली. नवीन शर्ट आणला. वच्छलाबाई गुडघ्यांमुळं जाऊ शकत नव्हती. ती ओट्यावर बसून त्याची धावपळ बघत होती.

"एवढा नट्टापट्टा करून जाशील," ती म्हणाली, "आन् तिथं कोपऱ्यात चपला राखीत बसशील. मला ठावं नाय व्हय? नीट बस, मित्र हाय ना तुहा?"

"बसतो गं आई. तू बी लईच."

रविवारी आम्ही पोचलो. टेम्पो त्यानं दोन गल्ल्या आधी एका भिंतीआड लावला, दारात नाही, आणि मला छातीशी धरून चालत आला. कण्हेर नव्हती, अंगण नव्हतं. गुळगुळीत फरशीचा लांबलचक हॉल होता आणि भिंतीवर खाटेएवढा टीव्ही. आतल्या खोलीत होम चालू होता. अमेय सोवळ्यात, शेजारी त्याची बायको सावनी, त्याच्या उपरण्याची तिच्या पदराशी गाठ बांधलेली. उठता येत नव्हतं. त्यानं सत्यमला बघून भुवया उंचावल्या, हॉलकडं बोट केलं, आणि धुरातून असा हसला की मला जुना अमेय दिसला. सत्यमला तेव्हाच आत जाऊन भिंतीशी टेकून बसता आलं असतं. पण आत सगळे नातेवाईक. तो हॉलमध्ये आला आणि मला टीव्हीला जोडू लागला.

मी चालू झालो. पोरं गोळा झाली.

"हे टच होतं का?" एकानं पडद्यावर बोट ठेवलं.

"एवढंच? बाकी कुठंय?" दुसऱ्यानं विचारलं.

माझी तर कानकोंडी अवस्था. पण तेवढ्यात त्यांचे बाप मागून आले, आणि मग जी झुंबड उडाली! जरीचे कुर्ते घातलेले गृहस्थ मांडी ठोकून खाली बसले. "सरक रे, मला दे." "अहो तुमचा डाव संपला, आउट झालात तुम्ही." "आमच्याकडं असाच होता, आमच्या बाबांनी पेपरच्या वेळी लपवला तो अजून सापडला नाही." एक टक्कल पडलेले गृहस्थ कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायचा हट्ट धरून बसले. कॅसेट नीट चालू होती, तरी मारलीच. इतक्या वर्षांत इतकी माणसं माझ्याभोवती बसली नव्हती. आणि सत्यम, सगळ्यांच्या मागं, वायर कुणाच्या पायात येऊ नये म्हणून हातात धरून उभा होता.

त्यांच्यात सुदर्शन नावाचा अमेयचा पुण्याचा सहकारी होता. मोकळा, बडबड्या माणूस. त्यानं वळून सत्यमकडं बघितलं.

"भारी आयटम आणलाय तुम्ही! आपण कोण? म्हणजे, अमेयचे...?"

प्रश्न साधा होता. उत्तर तर त्याहून साधं. मला वाटलं, आता येईल ओठावर. सत्यमनं त्या सगळ्या कुर्त्यांकडं पाहिलं, स्वतःच्या नव्या शर्टाच्या घडीकडं पाहिलं, जार उचलून काळ्या पडलेल्या बोटांकडं पाहिलं.

"मी गेम लावायला आलोय," तो म्हणाला.

"अच्छा, भाड्यानं देता का? नंबर देऊन ठेवा. ऑफिसच्या पार्टीला बोलावतो तुम्हाला."

सत्यम दाराकडं पाठ करून उभा होता, म्हणून त्याला दिसलं नाही. मला दिसलं. होम आटोपून अमेय त्यालाच न्यायला आला होता. आतल्या दारात उभा होता, एक हात चौकटीवर. त्यानं ऐकलं. तोंड उघडलं, पण आतून गुरुजींनी "यजमान!" म्हणून हाक मारली आणि तो मागं फिरला.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. वास्तुशांतीला, पाव्हण्यांच्या पंगती बसण्याआधी, ज्या हातांनी घर उभं केलं त्यांचा मान करतात. गवंडी, सुतार, नळवाला, वायरमन यांना ओळीनं बसवायचं. यजमानानं स्वतः गंध लावायचं, डोक्यावर टोपी ठेवायची, टॉवेल आणि नारळ द्यायचा, वाकून नमस्कार करायचा. चांगली रीत आहे. टीव्ही बंद करून त्याखालच्या भिंतीशीच, माझ्या शेजारी सतरंजी अंथरली.

अनंतराव आता थकलेत. डोळ्यांची शस्त्रक्रिया झाल्यापासून लांबचं धूसर दिसतं. ते नावं पुकारत होते. "बद्रीनाथ मिस्त्री, या, पहिले तुम्ही." मागून सुदर्शन भल्या मनानं म्हणाला, "काका, तो गेमवालापण राहिला. बिचारा सकाळपासून खपतोय."

"हो हो, त्यांनाही बसवा. कुणी राहता कामा नये."

दाढी वाढलेल्या सत्यमला अनंतरावांनी ओळखलं नाही. सत्यमनं एकदा दाराकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि सगळे बघत होते. तो जाऊन ओळीच्या शेवटी बसला.

बद्रीनाथ मिस्त्री त्याच्याकडं सरकला. "काय पाव्हणं, तुमचं कोणतं काम होतं?"

"गेमचं."

"घराला आता गेम बी लागतो व्हय?" मिस्त्री हसला. "आमाला म्हाईतच नव्हतं. नाय तर भिंतीत खाचा करून ठिवल्या असत्या." मग सत्यमचा चेहरा बघून त्याचं हसू ओसरलं. "मान खाली घालून काय बसला? मानाची जागा हाय ही. बस ताठ."

मिस्त्री ताठच बसला होता. सत्यमला त्याच्या शेजारी बसल्याची लाज वाटत होती, आणि तशी लाज वाटते म्हणून आणखी लाज वाटत होती.

अमेय ताट घेऊन निघाला. सावनी बरोबर होती, एकेक टोपी उचलून देत. मिस्त्री झाला, सुतार झाला, नळवाला, वायरमन. शेवटी तो सत्यमच्या समोर आला आणि थांबला. टोपी हातात तशीच.

"काय आहे हे?" अगदी हळू आवाजात.

"काय नाय. पुढं चल."

"ऊठ."

"लोक बघायलेत, अमेय. राहू दे ना."

कुणीतरी मोबाईल धरून म्हणालं, "यजमान, इकडं बघा, फोटो!" अमेयनं टोपी सत्यमच्या डोक्यावर ठेवली. गंध लावायला त्याचं बोट कपाळाला लागलं तेव्हा दोघांनीही डोळे खाली घेतले. रीतीप्रमाणं तो वाकला. सत्यमनं हात जोडले. फोटो निघाला.

पंगत बसली तेव्हा सत्यम नव्हता. टोपी घडी करून खिशात घालताना मला तो दिसला होता, दाराबाहेर जाताना. मला घ्यायचंही त्याच्या ध्यानात राहिलं नाही. अमेयनं शेजारची जागा मोकळी ठेवली आणि वाढणाऱ्याला म्हणाला, "इथं वाढा."

"कुणासाठी रे?" शैलाकाकूंनी विचारलं.

"वाढू दे."

वरण निवलं, पुरणपोळीवरचं तूप थिजलं. त्या ताटाला कुणी हात लावला नाही.

संध्याकाळी पाव्हणे पांगले. अमेय माझ्यासमोर फरशीवर येऊन बसला. पहिला रिमोट हातात घेतला, लाल बटण काही दाबलं नाही.

"त्या गेमवाल्याला फोन करू का?" सावनी म्हणाली. "सामान राहिलंय त्याचं."

"तो गेमवाला नाही. तो सत्यम आहे."

सावनी होती तिथंच थांबली. "तो? रणगाड्यांचा सत्यम? अरे मग बोलला का नाहीस? मी त्याच्यासमोर ताट घेऊन उभी होते!"

"त्यानंच सांगितलं गेम लावायला आलोय म्हणून. मी ऐकलं माझ्या कानांनी. माझा मित्र म्हणवून घ्यायला लाज वाटली त्याला." मग रिमोट खाली ठेवत म्हणाला, "आणि मी टोपी ठेवून पुढं गेलो."

मला सगळं ठाऊक होतं. कोण कुणाला लाजला, तेही. एक शब्द बोलता आला असता तर! पण सत्यमशिवाय दुसऱ्या कुणापुढं मला टिंगटिंग वाजण्यापलीकडं काही येत नाही, आणि तेही कुणी बटण दाबलं तर.

तिकडं गावी वच्छलाबाईनं शर्ट धुवायला घेताना खिशातली टोपी काढली. सत्यमनं सगळं सांगितलं. ती म्हणे चिडली नाही. एवढंच म्हणाली, "मिस्त्र्याच्या ओळीत बसलास त्यात काय वंगाळ नाय. पण ते पोरगं जेवायला वाट बघत बसलं असंल, त्याचं काय?" हे सत्यमच्या डोक्यात आलंच नव्हतं. आपल्याला काय वाटलं याच्यापुढं तो गेलाच नव्हता.

आज मी पुन्हा फळीवर आहे. उजवीकडं वळायचं बटण अडकतं, कॅसेट तिसऱ्या-चौथ्या फुंकरीला लागते. तुमच्या माळ्यावर माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याला काचेच्या कपाटात मांडू नका, फोटो काढून मिरवू नका. आमच्यात मिरवण्यासारखं काही नव्हतंच कधी. जमलं तर दुसरा रिमोट कुणाच्या हातात असायचा ते आठवा, आणि तो माणूस कुठं असेल तिथं त्याला हाक मारा. त्याला स्वतःहून यायचा संकोच वाटत असेल.

आता दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगतो आणि थांबतो.

सकाळी बेल वाजली. अनंतरावांनी दार उघडलं. "या, गेम न्यायला आलात ना? तो बघा, तिथंच ठेवलाय."

सत्यम वाकून त्यांच्या पाया पडला. "काका, मी सत्यम. मागच्या गल्लीतला. आवडाबाईचा."

अनंतरावांनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडं वळवला. "अरे देवा. सत्यम! आणि मी काल तुला..."

"तुमचं काय चुकलं नाय काका. मीच तसं सांगितलं होतं."

आतून अमेयचा आवाज आला, "बाबा, त्याला म्हणावं घेऊन जा तुझा गेम."

सत्यम मला न घेता सरळ आतल्या खोलीत गेला, दारात न थांबता. अमेय पुण्याला परतायची बॅग भरत होता. दार उघडंच होतं.

"लाज वाटते ना तुला माझी?"

"तुझी नाय रे. मपलीच वाटती, माझी मला. ल्हानपणापासून." सत्यम पलंगावर बसला. "जेवला होतास का काल?"

अमेयनं शर्टाची घडी केली, मोडली, पुन्हा केली. "नाही."

"मी बी नाय."

तेवढ्यात शैलाकाकू दारात आल्या. "अरे, टाकी खडखडीत झालीय. काल सगळ्यांनी हात धुतले. आता चहालासुद्धा पाणी नाही!"

सत्यम उठला. "गाडीत हाय. आणतो."

"गाडीत?" अमेय म्हणाला. "तू जार टाकतोस?"

"चार वर्षं झाली. सांगितलं नव्हतं तुला."

अमेय अनवाणीच त्याच्या मागून बाहेर गेला. हॉलच्या खिडकीतून मला फाटकापुढं उभा असलेला टेम्पो दिसत होता. अमेयनं हट्टानं एक जार खांद्यावर घेतला. झाकण सैल होतं. निम्मं पाणी त्याच्या पाठीवरून पायरीवर वाहिलं.

"भाऊ, असा नसतो धरायचा," सत्यम हसायला लागला. "तोंड वर ठिव त्याचं, तोंड!"

"हसतोस काय? धर की मग!"

दोघांनी मिळून तो जार धरला तेव्हा शेजारच्या गच्चीवरून एका गृहस्थानं हाक मारली. "ओ पाणीवाले! इकडं पण दोन टाका."

सत्यमनं वर बघितलं. अमेयनंही बघितलं, ओला, जाराखाली वाकलेला.

"टाकतो की काका," सत्यम मोठ्यानं म्हणाला. "पण आधी इथं चहा घेतो. मित्र हाय मपला."

आणि दोघं जार घेऊन आत आले.